तीन विती

सिडकोतल्या फिरोजकडून भाड्याने आणलेले दोन माईक,
एक माझा,
एक शेजारच्या भजनी मंडळाचा,
त्याच्या जाळीला अजून उदबत्तीचा वास.
कुणी कुजबूजही टिपतो,
कुणाला ओरडल्याशिवाय काही कळत नाही.
चार वायरी, चार रंगांच्या चिकटपट्ट्या.
एक आणि दोन पाहुण्यांचे, तिसरा माझा,
चौथा नुसता खोलीसाठी,
भिंती कशा गप्प बसतात तेही यावं म्हणून.

कॉलेज रोड, दुसरा मजला, एप्रिल.
पंखा बंद.
फ्रिज बंद, आणि त्यात स्कूटरची किल्ली,
म्हणजे बाहेर पडताना
तो चालू करायची आठवण राहते.
भिंतीला गाद्या उभ्या केल्या, खिडकीला सतरंजी,
तरी ओझरकडचं एक विमान
डोक्यावरून टरटरत गेलं
आणि चारही काटे एकदम लाल.

नियम असा आहे:
तोंडापासून माईक वीतभर,
तर माईकपासून माईक तीन विती.
याहून जवळ आणले
की एकाचं बोलणं दुसऱ्यात सांडतं,
मग पुसता येत नाही.
मी टेबल वितीने मोजलं, दोनदा.

तांबट गल्लीतले दोघे भाऊ आले
वेगवेगळ्या रिक्षांनी.
त्र्यंबकराव आधी, हातात घडी घातलेली पिशवी.
मग रंगनाथराव,
त्यांनी चपला काढल्या
थोरल्याच्या चपलांपासून हातभर लांब.
बंब, घंगाळं, हंडे, परातींचे काठ,
पन्नास वर्षं एकाच छपराखाली दोन हातोड्या.
मग दुकानाची वाटणी, आणि अकरा वर्षं
बोलणं नाही.
फोनवर दोघांनीही मला सांगितलं होतं,
जवळजवळ शब्दाला शब्द:
"विचारा काय ते. पण त्याच्या वतीने
काही विचारू नका."

"सकाळी काय खाल्लं ते सांगा," मी म्हटलं.
आवाजाची पातळी बघायला हे विचारायचं असतं.
त्र्यंबकराव म्हणाले, "भाकरी! कालची!"
काटा सरळ लाल.
ठोक्यांच्या गदारोळात जन्म गेलेला माणूस
शिळी भाकरीसुद्धा हाळी देऊन सांगतो.
मी घुंडी खाली आणली. "आता तुम्ही."

रंगनाथराव माईककडे बघत राहिले,
मग खुर्चीकडे,
मग जमिनीवरच्या वायरींकडे.
"माझी जागा चुकली," म्हणाले.
"मला पलीकडे बसवा.
याचा डावा कान गेलाय.
इकडून बोललेलं त्याला नाही यायचं."

लाल बटण मी अजून दाबलं नव्हतं.

टेबलाखाली शिरले, वायरी उपसल्या,
निळी पट्टी हिरवीच्या जागी, हिरवी निळीच्या,
आणि लागायला हवा होता त्याहून जास्त वेळ लावला.
वर त्र्यंबकराव विचारत होते,
"काय म्हणाला? काय म्हणाला हा?"
खुर्ची फरशीवरून करकरली.
"काही नाही. सरक जरा."

नंतर तासभर सगळं रीतसर झालं.
दोघं माझ्याशीच बोलले, आळीपाळीने,
कोर्टात साक्ष द्यावी तसे.
कल्हईचा नवसागर. बंबाची नळी.
ठोकून ठोकून कडक झालेला पत्रा
पुन्हा भट्टीत का धरतात.
चहा दोघांनी घेतला, बिस्कीट एकानेच.
जातानाच्या रिक्षा मी खिडकीतून मोजल्या नाहीत.
सतरंजी लावलेली होती.

रात्री हेडफोन घालून बसले.
एकात दोन सांडलाय, दोनात एक.
थोरले थांबले की धाकट्यांचा खोकला.
धाकट्यांच्या भट्टीच्या गोष्टीत
लांबून, अगदी बारीक,
थोरल्यांचं "हं".
मग आणखी एक "हं",
वाक्य पुरं व्हायच्या आधीच.

सॉफ्टवेअर विचारतंय: गळती काढून टाकू?

स्वयंपाकघरात फ्रिज अजून बंद,
किल्ली आत.
दूध नासलं असणार.